सुळेभावीचे कुमार, देवासची हवा आणि पेशींची वाटणी

बेळगावपासून जवळच असलेल्या सुळेभावी या गावाचे नाव हिंदुस्थानी संगीताच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले ते एका मुलामुळे. ८ एप्रिल १९२४ रोजी या गावी शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली याचा जन्म झाला. पुढे सारा देश त्याला कुमार गंधर्व म्हणून ओळखू लागला. घर लिंगायत, घरातली बोली कानडी, शिक्षण मुंबईच्या मराठी वातावरणात, आणि आयुष्याची चव्वेचाळीस वर्षे माळव्यातील देवासला. सीमाभागातील माणसाला हा प्रवास परका वाटण्याचे कारण नाही. एका घरात दोन-तीन भाषा नांदणे आपल्याकडे नवे नाही.

कुमारांच्या गाण्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या आजाराविषयी मात्र बहुधा दोनच ओळी लिहिल्या जातात. क्षय झाला, देवासला गेले, बरे झाले, पुन्हा गाऊ लागले. या दोन ओळींत पाच वर्षे दडलेली आहेत. त्या पाच वर्षांत एका गायकाच्या छातीत काय चालले होते, हे समजून घ्यायचे तर जिवंत पेशी कशी विभागते हे समजून घ्यावे लागते. भाषेच्या या अंकात हा विषय घेण्याचे कारण एवढेच, की हे शास्त्र मराठीत नीट सांगता येते आणि ते आपल्या खेड्यापाड्यांतील घरांच्या उपयोगाचे आहे.

सुळेभावी ते मुंबई

वडील सिद्धरामय्या यांना गाण्याची आवड होती. मुलाने ऐकलेले गाणे जसेच्या तसे गाऊन दाखवायला सुरुवात केली तेव्हा तो जेमतेम सहा-सात वर्षांचा होता. त्याकाळी ग्रामोफोनच्या तबकड्या हीच मोठमोठ्या गायकांची ओळख. त्या तबकड्यांवरील गायकी हा मुलगा तंतोतंत उचलत असे. त्याचे गाणे ऐकून एका मठाच्या स्वामींनी त्याला कुमार गंधर्व ही पदवी दिली आणि तेच त्याचे नाव झाले. १९३५ साली अलाहाबादच्या संगीत परिषदेत आणि १९३६ साली मुंबईच्या परिषदेत या बालगायकाने श्रोत्यांना थक्क केले. त्यानंतर त्याला मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे ठेवण्यात आले. देवधर मूळचे मिरजेचे, विष्णू दिगंबर पलुस्करांचे शिष्य. त्यांच्या संगीत विद्यालयात कुमार नकलेकडून विद्येकडे वळले आणि काही वर्षांतच तेथे स्वतः शिकवू लागले.

एप्रिल १९४७ मध्ये त्यांचा विवाह भानुमती कंस यांच्याशी झाला. त्याही देवधरांच्याच विद्यार्थिनी. वय तेविसाचे, नाव देशभर झालेले, पुढे सारे आयुष्य पडलेले. त्याच वर्षाच्या अखेरीस फुप्फुसाचा क्षय झाल्याचे निदान झाले.

त्याकाळी हे निदान म्हणजे काय होते, याची कल्पना आजच्या तरुणांना येणार नाही. क्षयावर खात्रीचे औषध आपल्या देशात सहजी मिळत नव्हते. कोरडी मोकळी हवा, दूध-अंडी असा सकस आहार आणि पूर्ण विश्रांती, एवढाच उपाय. आपल्या भागातील लोक मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या क्षयरुग्णालयात जात. ऐपत असलेले पाचगणीला जात. कुमारांना मुंबईची दमट हवा सोडून माळव्याच्या पठारावर जाण्याचा सल्ला मिळाला. गायकाला तर आणखी एक बंधन. गाणे पूर्ण बंद.

१८८२ : एकाच वर्षीचे दोन शोध

कुमारांच्या आजाराची शास्त्रीय हकीकत त्यांच्या जन्माच्या बेचाळीस वर्षे आधी सुरू होते. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. तोवर हा रोग आनुवंशिक आहे, दुर्बळ प्रकृतीचा आहे, असे अनेक समज होते. कॉख यांनी रुग्णांच्या शरीरातील जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. काडीसारखा, किंचित वाकलेला असा तो जंतू होता.

त्याच १८८२ साली जर्मनीतीलच कील या बंदराच्या गावी काम करणाऱ्या वाल्टर फ्लेमिंग या शास्त्रज्ञाचा पेशीविभाजनावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. सॅलमँडर नावाच्या, पालीसारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या पिलांच्या पेशी रंगवून फ्लेमिंग यांनी पाहिल्या होत्या. पेशीच्या मधोमध जे केंद्रक असते त्यातील द्रव्य विभाजनाच्या वेळी धाग्यांसारखे दिसू लागते आणि ते धागे दोन्ही बाजूंना सारखे वाटले जातात, हे त्यांनी क्रमवार दाखवले. धाग्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून त्यांनी या क्रियेला मायटोसिस असे नाव दिले.

दोन्ही शोधांमागे एकच साधन होते. कापड रंगविण्यासाठी तयार होऊ लागलेले कृत्रिम रंग या शास्त्रज्ञांनी पेशी व जंतू रंगविण्यास वापरले. एका शोधाने शत्रू कसा असतो ते सांगितले, दुसऱ्याने आपले शरीर स्वतःला कसे घडवते ते सांगितले. कुमारांच्या छातीत हे दोन्ही प्रकारचे विभाजन शेजारीशेजारी चालू होते.

देवासचे दिवस

जानेवारी १९४८ च्या अखेरीस कुमार आणि भानुमती देवासला पोहोचले. गांधीजींची हत्या झाली तो हाच सुमार. माळव्यातील धार आणि देवास ही दोन्ही पवार घराण्याची मराठी संस्थाने. दुसरा बाजीराव पेशवा १७७५ साली जन्मला तो धारच्याच किल्ल्यात. देवासची तऱ्हा आणखी वेगळी होती. तुकोजी आणि जिवाजी या दोघा पवार बंधूंच्या वंशजांत एकाच गावाच्या दोन पात्या झाल्या, थोरली आणि धाकटी. दोन राजे, दोन राजवाडे, दोन दरबार. १९४८ साली ही संस्थाने मध्यभारतात विलीन झाली. अशा या गावात मराठी बोलणारी पुष्कळ घरे होती, इंदूर जवळ होते, आणि रजब अली खाँ यांच्यासारख्या गवयाचे वास्तव्य होते. इंदूरच्या रामूभैया दाते यांच्यासारख्या रसिक स्नेह्याचा आधार होता.

भानुमतींनी शाळेत नोकरी धरली आणि घर चालवले. नवऱ्याची शुश्रूषा, औषधपाणी आणि संसार, तिन्ही त्यांनीच पेलले. कुमार अंथरुणावर पडून असत. बोलायचे बेताने, गायचे नाहीच. ज्याने वयाच्या सातव्या वर्षापासून गाण्याखेरीज दुसरे काही केले नाही, त्याला केवळ ऐकत पडून राहावे लागले. त्यांनी ऐकायला सुरुवात केली. माळव्यातील बायका सणाला, लग्नकार्याला गातात ती गाणी, नाथपंथी साधू गातात ती कबीराची भजने, पाखरांचे आवाज, वाऱ्याचा आवाज. बाहेरून पाहणाऱ्याला हे स्वस्थ पडून राहणे वाटले असेल. आत मात्र घनघोर काम चालू होते.

जंतूची वाटणी

क्षयाचा जंतू ही एकच पेशी असते. तिला वेगळे केंद्रक नसते. तिची सारी कुळकथा एका गोल धाग्यात साठवलेली असते. विभाजनाच्या वेळी या धाग्याची दुसरी प्रत तयार होते, पेशी लांबते, मध्ये पडदा येतो आणि एकाचे दोन होतात. फ्लेमिंग यांनी पाहिलेले टप्पे येथे नाहीत. याला द्विभाजन म्हणतात.

आपल्या आतड्यात राहणारा एक साधा जंतू अनुकूल स्थितीत सुमारे वीस मिनिटांत दुभंगतो. क्षयाच्या जंतूला त्यासाठी अठरा ते चोवीस तास लागतात. हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एकाचे दोन, दोनाचे चार, असे तीस वेळा झाले म्हणजे संख्या १०७ कोटींवर जाते. आतड्यातील जंतूला त्यासाठी दहा तास पुरतात. क्षयाच्या जंतूला, दिवसाला एकदा विभागला असे धरले तर, तीस दिवस लागतात. प्रत्यक्ष शरीरात प्रतिकार होत असल्याने हा हिशेब इतका सरळ चालत नाही. पण या मंदपणामुळेच पटकी एका रात्रीत माणूस आडवा करते आणि क्षय महिनोन्महिने खोकला, बारीक ताप, उतरत चाललेले वजन एवढ्याच खुणा दाखवत राहतो. प्रयोगशाळेत हा जंतू वाढवून पाहायचा तर कित्येक आठवडे थांबावे लागते ते याच कारणाने. क्षय या शब्दाचा अर्थच झिजणे. कानडीतही हाच शब्द आहे.

शरीराची वाटणी

श्वासाबरोबर जंतू फुप्फुसाच्या वायुकोशांत पोहोचला म्हणजे शरीरातील भक्षक पेशी त्याला गिळतात. इतर जंतू त्या पेशीत मरतात. क्षयाचा जंतू पुष्कळदा तेथेच तग धरतो आणि आतल्या आत वाढतो. मग शरीर अधिक पांढऱ्या पेशी तयार करून त्या जागेला वेढा घालते. त्यातून बारीक गाठ तयार होते. काही गाठी जन्मभर शांत राहतात. काही आतून पनीरासारख्या मऊ होऊन फुटतात आणि फुप्फुसात पोकळी पडते.

वेढा घालणाऱ्या या पेशी, आणि पडलेली जागा भरून काढणाऱ्या तंतुपेशी, यांची भरती कोठून होते? आपल्याच पेशींच्या विभाजनातून. हेच ते सूत्री विभाजन. आपल्या प्रत्येक पेशीच्या केंद्रकात ४६ गुणसूत्रे असतात. १९४८ साली जगभरच्या पुस्तकांत हा आकडा ४८ छापला जात होता. तो ४६ आहे हे १९५६ साली नक्की झाले. विभाजन होण्याआधी या सर्व गुणसूत्रांची एकेक प्रत तयार होते. मूळ आणि प्रत एका बिंदूपाशी जोडलेली राहतात. शेताची वाटणी झाली म्हणजे दोन भावांना अर्धे-अर्धे शेत मिळते. पेशीच्या वाटणीत तसे होत नाही. जणू तलाठ्याने आधी साऱ्या उताऱ्यांची दुसरी प्रत करावी आणि मग दोन्ही भावांना संपूर्ण दप्तर द्यावे. देवासच्या दोन पात्यांत महसूल वाटला गेला. पेशीच्या दोन पात्यांत दप्तर पुरतेच्या पुरते दोघींकडे जाते.

यानंतर चार अवस्था येतात. पहिली पूर्वावस्था. केंद्रकात विस्कटून पसरलेले बारीक धागे आखडून जाड व आखूड होतात आणि रंगवले असता वेगवेगळे दिसू लागतात. पेशीतील दोन तारककेंद्रे दोन टोकांकडे सरकू लागतात आणि त्यांच्यामधून तंतू निघतात. केंद्रकाभोवतीचे आवरण विरघळते.

दुसरी मध्यावस्था. सर्व गुणसूत्रे पेशीच्या मध्यरेषेवर ओळीने उभी राहतात. प्रत्येकाच्या जोडबिंदूला दोन्ही टोकांकडून आलेले तंतू धरून असतात. एखादे जरी नीट धरले गेले नसेल तर पेशी पुढे जात नाही, थांबते. ही तपासणी चुकली म्हणजे एका पेशीत गुणसूत्रे जास्त आणि दुसरीत कमी जातात. अशा चुकांचा कर्करोगाशी संबंध आहे.

तिसरी पश्चावस्था. जोडबिंदू सुटतो आणि मूळ व प्रत एकमेकांपासून अलग होऊन विरुद्ध टोकांकडे ओढल्या जातात. ही चारींत सर्वांत लहान अवस्था, काही मिनिटांची.

चौथी अंत्यावस्था. दोन्ही टोकांना पोहोचलेले धागे पुन्हा सैल होतात, त्यांच्याभोवती नवे आवरण तयार होते आणि एका पेशीत दोन केंद्रके दिसू लागतात. शेवटी पेशी मध्ये आवळली जाते आणि दोन स्वतंत्र पेशी होतात. माणसाच्या पेशीत या चारी अवस्था मिळून सुमारे एक तास लागतो. मात्र प्रती तयार करण्यासह सारी तयारी धरली तर वाढत्या पेशीला साधारण एक दिवस लागतो. म्हणजे क्षयाचा जंतू आणि आपली पेशी यांची चाल जवळजवळ सारखीच. लढाई लांबते याचे हेही एक कारण मानायला हरकत नाही.

आता एक महत्त्वाची गोष्ट. साऱ्या पेशी सारख्या विभागत नाहीत. त्वचेच्या, रक्त तयार करणाऱ्या पेशी जन्मभर विभागतात. तंतुपेशी जखम झाली की विभागतात आणि जागा भरून काढतात. वायुकोशांच्या अस्तरातील काही पेशीही विभागून झीज भरून काढतात. परंतु जेथे वायुकोशांची घडणच नष्ट झाली तेथे नवे वायुकोश उभे राहत नाहीत. तंतुपेशी तेथे व्रण तयार करतात. व्रण जागा बुजवतो, पण त्यातून प्राणवायू रक्तात जात नाही. कुमारांचे एक फुप्फुस निकामी झाले असे त्यांच्या चरित्रांतून सांगितले जाते ते या अर्थाने. विश्रांती, अन्न आणि हवा यांनी शरीराला दुरुस्तीसाठी बळ मिळत होते. जंतूची वाटणी थांबवण्याचे सामर्थ्य मात्र देवासच्या हवेत नव्हते.

मातीतून आलेले औषध

ते सामर्थ्य मातीतून आले. १९४३ साली अमेरिकेतील रट्गर्स विद्यापीठात सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शात्झ या तरुण संशोधकाने जमिनीत राहणाऱ्या एका सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसिन वेगळे केले. जंतूच्या पेशीत प्रथिने तयार करणारे जे बारीक कारखाने असतात, त्यांना हे औषध चिकटते आणि तेथील काम बिघडवते. प्रथिने नाहीत तर वाढ नाही, वाढ नाही तर वाटणी नाही. आपल्या पेशीतील कारखान्यांची घडण वेगळी असल्याने ते बहुतांशी वाचतात.

१९४८ साली इंग्लंडमध्ये या औषधाची जी चाचणी प्रसिद्ध झाली ती वैद्यकाच्या इतिहासात मैलाचा दगड ठरली. १०७ रुग्ण घेतले होते. ५५ जणांना विश्रांतीबरोबर स्ट्रेप्टोमायसिन, ५२ जणांना केवळ विश्रांती. कोणाला काय मिळणार हे डॉक्टरांच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले होते. सहा महिन्यांत पहिल्या गटातील ४ जण दगावले, दुसऱ्या गटातील १४. कुमारही त्यावेळी या दुसऱ्या गटासारखेच होते, केवळ विश्रांतीवर. त्याच वर्षी स्कॉटलंडच्या एका रुग्णालयात जॉर्ज ऑर्वेल हा इंग्रज लेखक क्षयाने आजारी होता. त्याला अमेरिकेहून आणवलेले हे औषध मिळाले, पण ते त्याच्या प्रकृतीला मानवले नाही व बंद करावे लागले. जानेवारी १९५० मध्ये तो गेला.

त्या चाचणीतून दुसरीही गोष्ट कळली. काही महिन्यांनी बहुतेक रुग्णांच्या जंतूंवर औषधाचा परिणाम होईनासा झाला. याचे मूळही वाटणीतच आहे. धाग्याची प्रत करताना कधीतरी एखादे अक्षर चुकते. काही कोटी जंतूंत एखादा असा निघतो की त्याच्या कारखान्याला औषध चिकटतच नाही. बाकीचे मरतात, हा एक उरतो आणि दिवसाला दुप्पट होत पुन्हा फौज उभी करतो. यावर उपाय म्हणजे एकाच वेळी दोन किंवा अधिक औषधे. दोन्ही औषधांना दाद न देणारा जंतू आधीच तयार असण्याचा संभव नगण्य असतो. १९५२ साली आयसोनियाझिड आले आणि हा मार्ग खरोखर मोकळा झाला.

कुमारांना स्ट्रेप्टोमायसिन मिळाले ते १९५२ च्या सुमारास. हळूहळू ताकद परत आली. डॉक्टरांनी बेताने गाण्यास परवानगी दिली आणि १९५३ च्या सुमारास ते पुन्हा श्रोत्यांसमोर बसले.

येथे एक जोखीम सांगितली पाहिजे. स्ट्रेप्टोमायसिन आणि त्याच्या कुळातील औषधे कानाच्या आतल्या भागाला इजा करू शकतात. तोल जाणे, कानात आवाज येणे, ऐकू कमी येणे हे त्याचे परिणाम. अंतर्कर्णात ध्वनी टिपणाऱ्या ज्या केसाळ पेशी असतात त्या माणसात जन्मानंतर विभागत नाहीत. गेलेली पेशी पुन्हा येत नाही. ज्या औषधाने गायकाचा श्वास वाचवायचा, तेच त्याचा कान घेऊन जाऊ शकते. श्वास वाचला आणि कानही राहिला, म्हणून पुढचे गाणे झाले.

पुन्हा गाणे

पुढचे कुमार पूर्वीचे नव्हते. पूर्वीची लांब दमाची, इतरांच्या गायकीची आठवण देणारी तान जाऊन तेथे छोटे, टोकदार, मध्येच थांबणारे स्वरसमूह आले. थांबणे हाही त्यांच्या गाण्याचा भाग झाला. हे केवळ फुप्फुसामुळे झाले असे म्हणणे त्यांच्या बुद्धीवर अन्याय करणारे होईल. पण श्वास किती आहे हे ओळखून त्यातून शैली उभी करणे, हे त्यांनी केले यात शंका नाही. अंथरुणावर ऐकलेल्या माळव्याच्या लोकधुनांतून त्यांनी नवे राग घडवले आणि त्यांना धुनउगम राग म्हटले. वर्षा, हेमंत, वसंत अशा ऋतूंचे कार्यक्रम केले. कबीराची निर्गुणी भजने मैफलीत आणली. १९६५ साली त्यांच्या बंदिशींचा अनूपरागविलास हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. गांधीजींच्या स्मरणार्थ त्यांनी गांधीमल्हार राग बांधला.

मराठीशी त्यांचे नाते अखेरपर्यंत पक्के राहिले. बालगंधर्वांच्या नाट्यगीतांवर त्यांनी स्वतंत्र कार्यक्रम केला. भास्करराव तांबे यांच्या कवितांवर तांबे गीतरजनी केली. तांब्यांचे शिक्षण देवासला झाले होते, हाही एक योग. घरची कानडी, विद्येची मराठी, भजनांची हिंदी आणि लोकगीतांची माळवी. कोणत्याही एकीसाठी त्यांना दुसरी सोडावी लागली नाही.

संसारात मात्र घाव बसला. ज्या भानुमतींनी त्यांना मृत्यूच्या दारातून परत आणले, त्या १९६१ साली दुसऱ्या बाळंतपणात गेल्या. १९६२ साली वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांनी गाण्यातही साथ केली. मुलगा मुकुल व मुलगी कलापिनी यांनी गाणे पुढे चालवले. देवासच्या टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या त्यांच्या घराचे नाव भानुकुल. १९७७ साली पद्मभूषण आणि १९९० साली पद्मविभूषण हे सन्मान त्यांना मिळाले. १२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच त्यांचे निधन झाले. क्षयाच्या निदानानंतर ते चव्वेचाळीस वर्षे जगले.

आपल्यासाठी काय?

आज क्षयासाठी कोणाला माळव्यात जावे लागत नाही. १९५९ साली मद्रास येथील अभ्यासाने दाखवून दिले, की औषधे नियमित घेतली तर घरी राहून बरे होणारे आणि रुग्णालयात राहून बरे होणारे यांत विशेष फरक पडत नाही. हवापालटाचे युग तेथे संपले. आज साध्या क्षयासाठी एकत्र औषधांचा सहा महिन्यांचा उपचार आहे, आणि तो सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतो. तरीही जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात आहे.

सहा महिने कशासाठी, असे रुग्ण विचारतो. दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते, वजन वाढते. मग गोळ्या बंद होतात. उत्तर वर आलेच आहे. औषधे मारतात ती प्रामुख्याने वाटणी चालू असलेल्या जंतूंना. काही जंतू स्वस्थ पडून असतात, वाटणी करत नाहीत, म्हणून वाचतात. ते जागे होतील तेव्हा औषध शरीरात असले पाहिजे. मधेच सोडले तर ते उठतात, आणि त्यांत औषधाला न जुमानणारा एखादा असला तर पुढचा उपचार कठीण होतो. त्याची लागण घरच्यांनाही होते. म्हणून दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला तर थुंकी तपासून घ्यावी, आणि सुरू केलेला उपचार डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज थांबवू नये.

शब्दांविषयीही थोडे. गुणसूत्र, केंद्रक, सूत्री विभाजन हे शब्द अवघड आहेत, मराठीतून शास्त्र शिकवणे कृत्रिम आहे, असे कित्येकदा ऐकू येते. फ्लेमिंग यांनी ग्रीक भाषेतून जो शब्द घडवला त्याच्या मुळाशी धागा आहे. मराठी शब्दाच्या मुळाशी सूत आहे. शहापूर-वडगावच्या विणकराला मायटोसिस हा शब्द काही सांगणार नाही, सूत्री हा शब्द लगेच सांगेल. धागे आधी गुंतलेले, मग सरळ, मग ओळीने लावलेले, मग दोहोंकडे ओढलेले. मागावर बसणाऱ्याला हे चित्र डोळ्यांपुढे उभे करायला पुस्तक लागत नाही. आपल्या शाळांतील मुलांना हा शब्द त्याच्या अर्थासह मिळाला पाहिजे. इंग्रजी शब्द त्यांना पुढे कॉलेजात मिळेलच.

क्षय ही लपवून ठेवण्याची बाब आहे, असा समज अजून गेलेला नाही. सोयरीक मोडेल म्हणून मुलीचा आजार लपवला जातो, नोकरी जाईल म्हणून पोरगा खोकला दाबत राहतो. सुळेभावीच्या या थोर गायकाचा आजार सर्वांना ठाऊक होता, त्याच्या पत्नीने तो उघडपणे निभावला, आणि त्यानंतरच त्याचे सर्वांत मोठे काम झाले. आपल्या गल्लीत कोणी या आजाराच्या गोळ्या घेत असेल तर त्याला हे जरूर सांगावे.